लोकसंगीताच्या नव्या अल्बमचा रिव्ह्यू लिहायचाय? आधी गाणं कुठलं ते विचारा

ओळखीतली कॉलेजची पोरं अधूनमधून विचारतात, ताई तुम्ही अल्बमचे रिव्ह्यू लिहिता ते नक्की कसं करता, आम्ही गाणं शिकलेलो नाही, राग ओळखता येत नाहीत, मग आम्ही लिहिलं तर चालेल का. चालेल. मी ठाण्यात चेंदणीला राहते, नोकरी ऐरोलीला, गाणं मीही शिकलेली नाही, आणि तरी गेली काही वर्षं नवीन लोकसंगीताचे आणि गिटार-बिटार घेऊन गाणाऱ्या पोरापोरींचे अल्बम ऐकून त्यावर लिहितेय. राग ओळखता आला तर चांगलंच, पण त्याच्याहून जास्त लागते ती एक वेगळी चिकाटी, समोरचं गाणं कुठून आलं, कोणाकडून आलं आणि या अल्बममध्ये त्याचं काय झालं हे शोधायची. चांगलं-वाईट नंतर. हे नाही केलं तर तुमचा रिव्ह्यू म्हणजे "मला आवडलं" एवढंच, मग तो कितीही सुंदर शब्दांत लिहा.

आधी दोन शब्द वेगळे करून घ्या

नवीन लिहिणारे "फोक" आणि "अकूस्टिक" एकाच दमात बोलतात, पण दोन्हीचा अर्थ वेगळा आहे. फोक म्हणजे लोकसंगीत, हा शब्द गाण्याच्या उगमाबद्दल बोलतो, की हे गाणं एका माणसानं बसून लिहिलेलं नाही, ते तोंडातोंडी आलंय, कुठल्यातरी कामाचं, विधीचं, जागरणाचं आहे. अकूस्टिक हा शब्द आवाजाबद्दल बोलतो, की वाद्याचा आवाज लाकडातून, चामड्यातून, तारेतून थेट येतोय, विजेवर तयार झालेला नाही. त्यामुळे हळदीला कीबोर्ड आणि मोठ्या स्पीकरवर वाजणारं पारंपरिक कोळीगीत लोकसंगीत आहे पण अकूस्टिक नाही, आणि ठाण्यात उपवन तलावाच्या कट्ट्यावर बसून स्वतःचं गाणं गिटारवर गाणारा मुलगा अकूस्टिक आहे पण लोकसंगीत नाही. दोघांना लावायची फूटपट्टी वेगळी. त्या मुलाला "मूळ परंपरा कुठली" विचारण्यात अर्थ नाही, त्याचे शब्द, चाल आणि हात बघा, आणि कोळीगीतवाल्याला "कीबोर्ड का घेतला, अस्सलपणा गेला" म्हणून झोडपायची घाई करू नका, कारण हळदीत आता तेच वाजतं आणि जे वाजतं तेही लोकांचंच आहे.

पहिला अल्बम कुठला घ्यायचा

तुमच्या घरात, गल्लीत, आजोळी जी भाषा बोलली जाते त्या भाषेतला घ्या. आजी साताऱ्याची असेल तर ओव्यांचा, घरी आगरी बोलत असतील तर आगरी गाण्यांचा, आणि यातलं काहीच नसेल तर मराठी कवितांना गिटारवर चाली लावलेला एखादा छोटा, चार-पाच गाण्यांचा. बारा गाण्यांचा अल्बम पहिल्याच फटक्यात अंगावर घेऊ नका. ज्या कलाकाराचे तुम्ही आधीपासून भक्त आहात तोही नको, कारण तुम्ही ऐकणार नाही, नुसती मान डोलावणार.

ऐकायचं कसं

माझं पहिलं ऐकणं ट्रेनमध्ये होतं, ठाण्याहून ट्रान्स-हार्बरला बसले की पनवेलपर्यंत साधारण एक अल्बम होतो, सुट्टीच्या दिवशी मी मुद्दाम तसं जातेसुद्धा. पण या ऐकण्यावरून मत बनवायचं नाही. लोकलच्या खडखडाटात खालचे सूर गिळले जातात, आणि ज्या गाण्यात एक आवाज आणि एक तुणतुणं एवढंच आहे ते रिकामं वाटायला लागतं, याउलट मोठ्या ढोलाचं गाणं उगाच भारी वाटतं. पहिल्या ऐकण्यात काही लिहूनही घेऊ नका, फक्त कुठल्या गाण्याला तुम्ही खिडकीबाहेर बघायचं थांबलात ते लक्षात ठेवा.

दुसरं ऐकणं रात्री, वायरवाल्या हेडफोनवर. मी अकरानंतर पंखा बंद करून बसते, मे महिन्यातसुद्धा, कारण पंख्याच्या आवाजात गाणाऱ्याचा श्वास ऐकू येत नाही, आणि या प्रकारच्या संगीतात श्वास खूप सांगतो. बाई ओवीची ओळ एका श्वासात संपवते का मध्ये तोडते, गिटारच्या तारेवरून बोट सरकताना तो बारीक चिर्र आवाज ठेवलाय का पुसून टाकलाय, टाळ वाजल्यावर त्याची घुमक किती वेळ राहते. आता वही घ्या आणि वेळेसकट लिहा, म्हणजे "तिसरं गाणं, २:१४, झीलकरी अर्धा ठोका उशिरा, छान वाटतं" अशा नोंदी (झीलकरी म्हणजे मुख्य गाणाऱ्याच्या मागे सूर धरणारे). रिव्ह्यूत त्यातल्या चार-पाचच जातात पण नंतर कोणी विचारलं की बाई तुम्ही असं का म्हटलंत, तर दाखवायला बोट ठेवायची जागा असते.

तिसऱ्यांदा ऐकाल तेव्हा गाण्याचे शब्द आणि क्रेडिट समोर ठेवून ऐका. मग दोन दिवस काहीच नाही. हे दोन दिवस महत्त्वाचे आहेत. भांडी घासताना कुठलं गाणं आपोआप तोंडात येतं बघा, आणि कुठलं आठवायचा प्रयत्न करूनही आठवत नाही तेही.

क्रेडिट वाचा, आणि "पारंपरिक" या शब्दापाशी थांबा

इथे मला जरा जास्त बोलायचंय कारण माझ्या हातून याच बाबतीत मोठी चूक झालीय.

चारेक वर्षांपूर्वी एका तरुण गायिकेचा छोटा अल्बम आला होता, गिटार, एक बासरी आणि तिचा आवाज, त्यातलं एक लग्नाचं गाणं मला इतकं आवडलं की अर्धा रिव्ह्यू मी त्याच्यावरच लिहिला. क्रेडिटमध्ये गीत-संगीत म्हणून तिचंच नाव होतं, मी ते तसंच उचललं आणि वर लिहिलं की इतक्या लहान वयात अशी चाल सुचणं म्हणजे काय. पुढे दोन-तीन महिन्यांनी ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या भावाच्या लग्नाला घणसोली गावात गेले, हळदीच्या आधी बायका ओट्यावर बसल्या होत्या, धवलारीण म्हणून, म्हणजे लग्नातली गाणी म्हणायला, ज्या आजी आल्या होत्या त्यांनी धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, धरला आणि मागच्या बायकांनी उचलला, वाद्य काही नाही, नुसते आवाज. तेच गाणं. दोन शब्द इकडेतिकडे, चाल तीच, आणि अल्बममध्ये नव्हती अशी पुढची कितीतरी कडवी त्या गात गेल्या. मी मैत्रिणीला विचारलं हे कुठलं, तर ती म्हणाली कुठलं म्हणजे, आमच्यात लग्नाला हेच म्हणतात, माझ्या आईच्या लग्नाला पण म्हटलेलं. मला जेवण गेलं नाही त्या दिवशी. गायिकेनं फसवलं असंही मी म्हणत नाही, तिनं कदाचित तिच्या आजीकडून ऐकलं असेल आणि अपलोड करताना तो रकाना भरायचा म्हणून स्वतःचं नाव टाकलं असेल. पण मी विचारायला हवं होतं, एक मेसेज टाकायचा होता फक्त.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलीय. क्रेडिटमध्ये एकाच माणसाचं नाव आहे आणि गाणं मात्र लग्नाचं, जात्यावरचं, पेरणीचं, जागरणाचं आहे, तर विचारायचं. नुसतं "पारंपरिक" लिहिलंय, तरी विचारायचं, की कुठल्या गावातलं, कोणाकडून शिकलात, त्यांना सांगितलंत का, अल्बममधून काही पैसे आले तर त्यांच्यापर्यंत पोचणार का. बहुतेक कलाकार आनंदानं सांगतात, उलट त्यांना बरं वाटतं की कोणीतरी विचारलं. आणि ते उत्तर म्हणजेच तुमच्या रिव्ह्यूतला सगळ्यात वाचनीय भाग असतो.

उलट्या बाजूची चूकही होते. शाहिरांची गाणी लोकांच्या इतकी तोंडी बसलीत की सरसकट "पारंपरिक" म्हणून छापली जातात. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख दोघंही १९६९ मध्ये गेले, आपल्या कायद्यात लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे त्यांच्या शब्दांवर २०२९ संपेपर्यंत हक्क आहे. नव्या अल्बममध्ये त्यांची रचना "पारंपरिक" म्हणून दिसली तर ते लिहायलाच पाहिजे, नाव गाळणं ही छोटी गोष्ट नाही.

चांगलं क्रेडिट कसं असतं ते बघायचं असेल तर जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह बघा, हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या सहकाऱ्यांना घेऊन एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आणि २०१७ पासून पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) वेबसाइटवर त्या टप्प्याटप्प्यानं येतायत. प्रत्येक ठिकाणी गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, तालुका, ती काय काम करते, सगळं लिहिलंय. बाहेरचं उदाहरण हवं असेल तर न्यूयॉर्कमध्ये मोझेस ॲश यांनी १९४८ ला सुरू केलेली फोकवेज ही कंपनी, त्यांच्या रेकॉर्डसोबत पुस्तिका यायची, कोण गातंय, कुठे रेकॉर्ड केलं, शब्दांचा अर्थ काय. १९८७ मध्ये ती अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेकडे गेली आणि त्या पुस्तिका आजही ऑनलाइन वाचता येतात. दोन-तीन वाचून काढा, कुठल्या क्लासपेक्षा जास्त शिकाल.

जुनी माहिती वाचताना ठाणेकरांनी एक लक्षात ठेवायचं, पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीच्या रेकॉर्डिंगवर "ठाणे जिल्हा" लिहिलं असेल तर ते गाणं डहाणूचं, जव्हारचं, मोखाड्याचं असू शकतं. तारप्याची, म्हणजे तिकडच्या आदिवासींच्या फुंकून वाजवायच्या वाद्याची, जुनी रेकॉर्डिंग्ज तर बरीचशी अशीच. गावाचं नाव शोधा, नुसता जिल्हा पुरत नाही.

वाद्य ओळखा, नाही ओळखता आलं तर गप्प बसा

प्रत्येक चामड्याच्या वाद्याला ढोलकी म्हणणं ही नव्या लिहिणाऱ्यांची नेहमीची चूक. ढोलकी हातानं वाजते, दोन तोंडं असतात, एकीकडे चाटीचा टणटणीत आवाज आणि दुसरीकडे धुमाचा. संबळ काठ्यांनी वाजतं, दोन भांडी जोडून कमरेला बांधलेली असतात, एक काठी पुढून वाकडी, म्हणून त्याचा ठोका टोकदार येतो आणि त्याच्या मागे खालचा सूर घुमत सरकतो, गोंधळाचं गाणं असेल तर बहुधा हेच. दिमडी लहान, हाताच्या बोटांनी, वाघ्या-मुरळीच्या जागरणात. हलगी दोन काड्यांनी, एक जाड एक बारीक, आणि वाजवायच्या आधी विस्तवावर शेकतात म्हणून कातडं ताणून तो कडकडाट येतो. तुणतुण्याला एकच तार, ते चाल वाजवत नाही, सूर आणि लय धरून बसतं. चौंडकं तुणतुण्याच्या नात्यातलं पण तार हातानं ताणत-सैल करत वाजवतात, त्यामुळे सूर वरखाली पळतो, यल्लम्माच्या गाण्यांत ऐकाल. तारपा म्हणजे वाळका भोपळा, बांबूच्या नळ्या आणि पुढे भोंगा, वाजवणारा श्वास न तोडता फुंकत राहतो, म्हणून त्यात मध्ये शांतता सापडत नाही. अल्बममधल्या तारप्यात दर चार सेकंदांनी तोच तुकडा अगदी हुबेहूब येत असेल तर समजा कोणीतरी छोटं रेकॉर्डिंग कापून परत परत चिकटवलंय. खरा वाजवणारा दोनदा अगदी तसंच वाजवत नाही.

बेंजो हा शब्द तर आपल्याकडे फारच जपून वापरायचा. ठाणे-नवी मुंबईत वरातीला, गणपतीला जो बेंजो म्हणतात त्याला टाइपरायटरसारखी बटणं असतात, तो बुलबुल तरंगाचा भाऊ, आणि त्याचं मूळ जपानमध्ये, १९१२ च्या सुमाराला नागोया शहरात तयार झालेल्या ताईशोगोतो नावाच्या वाद्यात. अमेरिकेतल्या लोकसंगीतातला बँजो पूर्ण वेगळा, गोल, ढोलासारखं कातडं, लांब मान, आणि त्याची मुळं आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांच्या वाद्यांत आहेत. नव्या मराठी अल्बममध्ये आता दोन्ही दिसतात. "बेंजोची साथ" एवढं लिहिलंत तर घणसोलीचा वाचक एक समजेल आणि गिटार क्लासला जाणारा दुसरं.

गिटारबद्दल एकच सांगते. बरेच अकूस्टिक वादक नेहमीचं ट्यूनिंग बदलतात, त्यातलं डॅडगॅड म्हणतात ते इंग्लंडच्या डेव्ही ग्रॅहमनं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ केलं. आपल्या भाषेत सांगायचं तर सहा तारा सा प सा म प सा अशा लागतात. म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या तरी तानपुऱ्यासारखा सा-प घुमत राहतो, अभंगाखाली, ओवीखाली असं गिटार छान बसतं कारण त्यात कॉर्ड बदलून गाण्याला इकडेतिकडे ओढलं जात नाही. एखाद्या अल्बममध्ये गिटार असूनही गाणं गावातलंच वाटत असेल तर कारण बहुतेक इथे सापडेल, कलाकाराला विचारा कुठलं ट्यूनिंग.

आणि हे सगळं वाचून पाठ होत नाही, समोर बसून बघावं लागतं. गडकरीला किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहात लोककलेचा कार्यक्रम लागला की पुढची तिकिटं काढा, वादकांचे हात दिसतील अशी. गावातल्या जत्रेला, जागरणाला, काकड्याला जा. मध्यंतरात वादकाजवळ जाऊन विचारलं की दादा हे काय म्हणतात, तर आजवर मला एकानंही हाकललेलं नाही, एकानं तर संबळ माझ्या कमरेला बांधून दिलं होतं, तेव्हा कळलं ते किती जड असतं. तरीही ओळखता नाही आलं तर रिव्ह्यूत "काठीनं वाजणारं चामड्याचं वाद्य" असं लिहा, चुकीच्या नावापेक्षा ते बरं.

लय मोजा

ही युक्ती साधी आहे पण मला फार उपयोगी पडलीय. भजन, गोंधळ, तारप्याचा नाच, यांत लय चढत जाते, सुरुवात सावकाश आणि शेवटी टाळ्या पडताना हात लाल होतात. स्टुडिओत मात्र बरेच जण कानात एकसारखी टिकटिक लावून वाजवतात, क्लिक म्हणतात त्याला, कारण मग वेगवेगळ्या दिवशी रेकॉर्ड केलेली वाद्यं नीट जुळतात. तोटा असा की लय जागची हलत नाही. तुम्ही काय करा, गाण्याच्या पहिल्या मिनिटात १५ सेकंदांत टाळ किती वेळा पडते मोजा, चारनं गुणा, शेवटच्या मिनिटात परत मोजा. २२ चे ३१ झाले तर मिनिटाला ८८ वरून १२४, म्हणजे मंडळी एकत्र बसून वाजवतायत आणि तापत गेलीयत. पहिल्यापासून शेवटपर्यंत २२ च्या २२ तर क्लिक. क्लिक म्हणजे वाईटच असं नाही, पण "गोंधळ ऐकताना अंगात येत नाही, का ते कळत नाही" असं मोघम लिहायच्या ऐवजी तुमच्याकडे कारण असतं.

तसंच सुराचं. ऑटोट्यून हे सॉफ्टवेअर १९९७ मध्ये आलं, चुकलेला सूर खेचून जागेवर बसवतं. शाहिरी किंवा ओवीच्या आवाजात गाणारा सुरावर खालून घसरत येतो, तीच त्याची गोडी, सॉफ्टवेअरला ती चूक वाटते आणि ते घसरणं कापून टाकतं. आवाज जिन्याच्या पायऱ्यांसारखा टप्प्याटप्प्यानं बदलतोय असं वाटलं तर तिथे थांबून परत ऐका. गिटार पत्र्यासारखी, करकरीत वाटली तर बहुधा माईक न लावता गिटारच्या आतल्या पिकअपची वायर थेट जोडलीय. घरात रेकॉर्ड करणाऱ्यांचं हे होतं, त्याला फार मारू नका, कळव्या-दिव्याच्या वन रूम किचनमध्ये, खाली रिक्षा आणि वर मिक्सर चालू असताना माईक लावणं म्हणजे काय ते मी बघितलंय.

शब्द आणि बोली

आगरी बोलीत "पाणी" चं "पानी" होतं, "काळा" चं "काला" होतं, ते अशुद्ध नाही, ती त्या बोलीची रीत आहे, रिव्ह्यूत कधीही "उच्चारांकडे लक्ष द्यायला हवं" वगैरे लिहू नका. विचारायचं ते हे की गाणारा ती बोली शेवटपर्यंत बोलतोय का. काही अल्बममध्ये ध्रुवपद बोलीत आणि कडवी एकदम पुस्तकी मराठीत असतात, तिथे कळतं की वरवर चव म्हणून शिंपडलंय. अभंगाला नवी चाल असेल तर अक्षरं मोजा, मोठ्या अभंगात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चारचा, त्या चारच्या चरणापाशी चाल काय करते बघा. चांगला संगीतकार तिथे जागा ठेवतो. घाईवाला पुढची ओळ दामटतो.

आता लिहायला बसा

पाचशे-सहाशे शब्द पुरतात. त्यात कोण गातंय आणि कुठलं, गाणी कुठून आली, दोन गाण्यांबद्दल नीट खोलात, बाकीच्यांना एकेक ओळ किंवा तीही नको, काय खटकलं, आणि कुठे ऐकायचं. क्रम तुम्ही ठरवा पण सुरुवात कलाकाराच्या जन्मापासून करू नका, ज्या क्षणाला तुम्ही खिडकीबाहेर बघायचं थांबलात तिथून करा.

काही शब्द मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून त्यावर काट मारलीय. मातीचा गंध, काळजाला भिडणारा, अस्सल, मंत्रमुग्ध, अप्रतिम, रांगडा. रांगडा विशेषतः, कारण तो शहरातला माणूस गावाकडच्या कुठल्याही आवाजाला चिकटवतो आणि त्यातून आवाजाबद्दल काहीच कळत नाही. एक नमुना देते, अल्बम मनानं रचलेला आहे, फरक बघा. आधी असं: "तिसऱ्या गाण्यातला रांगडा आवाज काळजाला भिडतो आणि मातीचा गंध दरवळतो." आता हे: "तिसऱ्या गाण्यात पावणेदोन मिनिटं फक्त तुणतुणं आणि शाहिरांचा आवाज आहे, ते ओळीचा शेवटचा शब्द बोलल्यासारखा टाकून देतात, म्हणून झीलकरी जी जी म्हणत आत येतात तेव्हा खोलीत माणसं शिरल्यासारखं वाटतं." दुसरं वाचून तुम्हाला गाणं आवडेल की नाही हे तुमचं तुम्ही ठरवू शकता. पहिल्यातून फक्त मला आवडलं एवढं कळलं.

लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचा. तोंडात अडकलं ते काढा.

नावडलं तर, आणि ओळखीचं निघालं तर

नावडलं तर लिहा, पण वेळेसकट, कारणासकट, आणि गाण्याबद्दल, गाणाऱ्याबद्दल नाही. "गायिकेला सूर कळत नाही" हे लिहायचा अधिकार आपल्याला नाही, "पाचव्या गाण्यात वरच्या सुराला आवाज तीनदा फाटतो, चाल एक सूर खाली घेतली असती तर" हे लिहू शकतो. मी स्टार देत नाही. पहिला अल्बम असलेल्या पोराचं गाणं आणि चाळीस वर्षं फडात घालवलेल्या बाईंचं गाणं, दोघांना साडेतीन स्टार म्हणजे काय सांगितलं आपण?

ठाणे-नवी मुंबईतलं हे वर्तुळ लहान आहे, कधी ना कधी मित्राचा, मित्राच्या भावाचा अल्बम समोर येतोच. एकतर लिहू नका, नाहीतर पहिल्याच परिच्छेदात ओळख सांगून टाका. पैसे, फुकट पास, भेट काही घेतलं असेल तर ते सांगावंच लागतं, सोशल मीडियावर कौतुक करणाऱ्यांसाठी आस्कीची (जाहिरातींवर लक्ष ठेवणारी संस्था, ASCI) तशी मार्गदर्शक तत्त्वं २०२१ पासून आहेत, पण नियम नसता तरी वाचकाला ते कळायला हवं. छापायच्या आधी कलाकाराला रिव्ह्यू दाखवायचा नाही, मात्र नावं, गावं, वाद्यं, कोणी काय वाजवलं एवढी यादी पाठवून तपासून जरूर घ्यायची. ढोलकी वाजवणाऱ्याचं नाव विचारलं की कितीदा तरी कलाकार म्हणतात अरे हो, ते टाकायचंच राहिलं. त्यांचंही नाव येऊ दे.

ओळी किती, लिंक कुठली

कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यातलं कलम ५२ समीक्षेसाठी योग्य तेवढा मजकूर वापरायला मुभा देतं, पण म्हणून अख्खं गाणं छापायचं नाही, ज्या ओळीबद्दल बोलताय ती एक-दोन ओळ पुरते. गाण्याची फाइल ग्रुपवर टाकू नका, लिंक द्या. लिंक देताना जिथे कलाकाराला चार पैसे जास्त मिळतात ती आधी द्या. बँडकॅम्प या गाणी विकायच्या वेबसाइटवर डिजिटल अल्बम विकला की ते १५ टक्के घेतात, वर पैसे पाठवायचा खर्च जातो आणि बाकीचे कलाकाराला. स्पॉटिफायवर २०२४ पासून असं आहे की ज्या ट्रॅकला मागच्या १२ महिन्यांत १००० स्ट्रीम झाले नाहीत त्याला रॉयल्टीच मिळत नाही, आणि आपण ज्यांच्याबद्दल लिहितो त्यातल्या बऱ्याच जणांची गाणी त्या हजाराच्या अलीकडेच राहतात. तुमच्या रिव्ह्यूमुळे तीस माणसांनी जरी ऐकलं तरी तिथे फरक पडतो, म्हणून लिंक तळाशी लपवू नका, वर द्या.

चूक झाली तर

होणारच. कोणीतरी लिहील की ताई ते संबळ नाही, किंवा ते गाणं आमच्या गावचं आहे. आधी खात्री करा, शक्य असेल तर ज्यांनी सांगितलं त्यांना फोन करून, आणि मग रिव्ह्यूच्या वरच तारीख घालून दुरुस्ती लिहा, कोणी सांगितलं ते त्यांची हरकत नसेल तर नावासकट. जुनं वाक्य गुपचूप पुसून टाकू नका, ते राहू दे आणि शेजारी बरोबर काय ते लिहा. मी त्या धवल्याच्या रिव्ह्यूला तसंच केलं, घणसोलीच्या आजींना मैत्रिणीच्या फोनवरून अल्बममधलं गाणं ऐकवलं, त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या पोरीचा आवाज चांगलाय, पण मधली दोन कडवी ती गाळून गेली, तिला म्हणावं ये, सांगते. ते मी त्या गायिकेला मेसेज करून कळवलं.